खिळा उडवणाऱ्या कॉइलला बटण कोणतं?

नागापूरच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी जळालेलं बेलचं बटण आमच्यापुढे ठेवलं. मुलगा नववीत आहे, विज्ञान प्रदर्शनासाठी त्यानं पेनाच्या रिकाम्या नळीवर तांब्याची तार गुंडाळली, फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी जोडली, मध्ये बेलचं बटण लावलं. बटण दाबलं की नळीतला खिळा टुणकन पुढे सरकायचा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बटण आतल्या आत चिकटलं, तार तापली, नळी वितळली. ताईंचा प्रश्न साधा होता: हे पोराला करू द्यायचं का? आणि करायचं तर बटण कोणतं घ्यायचं?

करू द्या, असं आम्ही म्हणालो. पण आधी बटण का चिकटलं ते समजून घेऊ.

तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की ते चुंबक होतं आणि लोखंडाला आपल्या मध्याकडे ओढतं. खिळा मध्यावर पोचायच्या आत वीज बंद झाली तर तो वेगात पुढे निघून जातो. चालू राहिली तर तेच चुंबक त्याला मागे खेचतं. म्हणून त्याचा खिळा उडत नव्हता, नुसता सरकत होता. आपलं बोट इतक्या चपळाईनं उठत नाही.

दुसरं म्हणजे बटणावरचा भार. त्या वेटोळ्याचा रोध साधारण 1 ओहम धरला तर 12 व्होल्टला 12 अँपिअर होतात. बेलचं बटण साधारण 6 अँपिअरचं, तेही घरच्या विजेसाठी. घरची वीज सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते, त्यामुळे बटण सुटताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही. त्यात वेटोळ्याचा स्वभाव हट्टी: वाहती वीज तोडायला गेलं की ते क्षणभर मोठा दाब तयार करून ती पुढे ढकलतं. ठिणगी लांबते, पत्र्या वितळतात आणि एकमेकींना धरून बसतात.

मग रिले घ्यावा का? रिलेच्या पत्र्याही मिटताना थरथरतात आणि प्रत्येक थरथरीला ठिणगी पडते. मॉस्फेट चांगला असतो, तो पाहिजे तेव्हा बंदही करता येतो. पण त्याला वेळ सांगणारं वेगळं सर्किट लागतं. आयआरएफझेड 44 सारख्याला गेटवर 10 व्होल्टच्या आसपास दाब द्यावा लागतो. 5 व्होल्ट दिले तर तो अर्धवट उघडतो आणि तापतो.

नववीतल्या मुलासाठी आम्ही एससीआर सुचवला. टीवायएन 612 हा सहज मिळणारा, 600 व्होल्ट आणि 12 अँपिअरचा. क्षणभर याच्या कितीतरी पट वीज सोसतो. त्याची खोड अशी की गेटला एकदा टिचकी मारली की तो उघडतो आणि वीज जवळजवळ संपेपर्यंत मिटत नाही. थेट बॅटरीवर लावला तर घात होईल, कारण बॅटरी संपत नाही. म्हणून मध्ये कपॅसिटर घ्यायचा: 4700 मायक्रोफॅरडचे, 25 व्होल्टचे दोन, शेजारी शेजारी जोडून. ते हंड्यासारखे भरतात आणि सेकंदाच्या काही शतांश भागात रिते होतात. वीज आपोआप थांबते.

क्रम चुकवायचा नाही. बॅटरीच्या तारेत 100 ओहमचा रोध आणि साधा स्विच. स्विच चालू करून पाच-सहा सेकंद भरू द्यायचं, मग तो बंद करायचा. बॅटरी तुटल्यावरच उडवायचं बटण दाबायचं. हे बटण बेलचंच चालेल! त्यातून आता 1000 ओहमच्या रोधातून गेटपुरती वीज जाते, एका अँपिअरच्या शंभराव्या भागाएवढी. वेटोळ्याला समांतर उलटा डायोड लावायचा, म्हणजे त्याचा हट्ट तिथेच जिरतो.

कपॅसिटरची अधिक-उणे टोकं उलटी लागली तर तो फुटतो, म्हणून पहिल्यांदा मोठ्या माणसानं तपासावं. खिळ्याचं टोक कापून टाकावं, समोर थर्माकोल ठेवावा, डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधला कपॅसिटर काढू देऊ नका. तो 300 व्होल्टच्या आसपास भरतो, बॅटरी काढल्यावरही भरलेला राहतो आणि जोराचा झटका देतो. घरच्या प्लगला किंवा पंपाच्या पेटीला हे जोडायचंच नाही.

पेटीवरून आठवलं. नागापूरच्या एमआयडीसीत, पूर्वी लार्सन अँड टुब्रोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि 2020 साली स्नायडर इलेक्ट्रिककडे गेलेल्या कारखान्यात स्विचगिअर तयार होतं. आपल्या पंपाच्या स्टार्टरमध्ये असतो तो कॉन्टॅक्टर याच कुळातला. त्यातही वेटोळंच असतं. हिरवं बटण दाबलं की ते लोखंड ओढतं, पत्र्या मिटतात, मोटर चालते. लाईट गेली की पकड सुटते, म्हणून लाईट आल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाही. रात्रपाळीच्या लाईटसाठी हिरव्या बटणात काडी खोचून ठेवणारे घरोघरी आहेत. मग कोणी विहिरीवर पाईप दुरुस्त करत असताना मोटर अचानक सुरू होते.

स्टार्टर घेताना कॉन्टॅक्टरवर दोन आकडे दिसतात, एसी-1 आणि एसी-3. मोठा आकडा एसी-1 चा, तो हीटरसारख्या भारासाठी. मोटरसाठी एसी-3 बघा, कारण सुरू होताना मोटर पाच-सहा पट वीज ओढते. 5 अश्वशक्तीची तीन फेजची मोटर साधारण 7 ते 8 अँपिअर घेते; रिलेचा काटा मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवरच ठेवायचा. ट्रिप होते म्हणून तो वर सरकवला की वाइंडिंग जळतं.

मुलानं नवी नळी आणली आहे. वेटोळं पुन्हा गुंडाळायला आई बसली होती, चारशे फेरे मोजत.