वॅटचेही वजन करून घ्या

आपला व्यापारी आणि कारखानदार मापाच्या बाबतीत फार दक्ष असतो. सुताचे बाचके काट्यावर ठेवल्याशिवाय तो उचलत नाही, कापडाचा तागा मोजल्याशिवाय घेत नाही. मात्र तोच माणूस चहाच्या बॉयलरसाठी एलिमेंट घ्यायला जातो तेव्हा वर छापलेला '२००० वॅट' हा आकडा निमूटपणे मान्य करतो. वॅट हेही एक मापच आहे आणि ते ग्राहकाला स्वतः तपासता येते, याची बहुतेकांना कल्पना नसते. म्हणून आज हा हिशेब मांडण्याचे आम्ही ठरविले.

हिशेबाला दोन आकडे पुरतात. विजेचा दाब व्होल्टमध्ये आणि प्रवाह अँपिअरमध्ये. दोहोंचा गुणाकार केला की वॅट, म्हणजे शक्ती मिळते. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो आणि तो ओहममध्ये मोजतात. हा रोधाचा नियम जर्मनीतील कोलोन येथे शिकविणाऱ्या ओहम नावाच्या शिक्षकाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. त्याच्या देशात आरंभी त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली पदक दिले तेव्हा कुठे नाव झाले.

आता आपला एलिमेंट घेऊ. तो चालू असताना मल्टीमीटरवर दाब २२५ व्होल्ट आणि टाँग टेस्टरवर प्रवाह ६.४ अँपिअर आला असे समजा. (टेस्टरच्या जबड्यात एकच वायर घ्यावी, दोन्ही घेतल्या तर काटा शून्यावरच राहतो.) गुणाकार १४४० वॅट, भागाकार सुमारे ३५ ओहम. दुकानदार म्हणेल, दाब कमी आहे म्हणून वॅट कमी. या सबबीला उत्तर आहे. दाबाचा वर्ग करून रोधाने भागले तरी वॅटच मिळतात. २३० चा वर्ग ५२,९००. त्याला ३५ ने भागले तर सुमारे १५००. म्हणजे पूर्ण दाबावरही हा माल १५०० वॅटचाच आहे. खऱ्या २००० वॅटच्या एलिमेंटचा रोध साडेसव्वीस ओहमच्या आसपास भरतो. पाच-दहा टक्के इकडेतिकडे चालून जाते. चौथा हिस्सा गायब असेल तर ते माप खोटे. जे पाणी पंधरा मिनिटांत उकळायचे त्याला वीस मिनिटे लागतील आणि गिऱ्हाईक ताटकळेल ते वेगळेच.

सोय अशी की खरेदीच्या वेळी वीज जोडण्याचीही गरज नाही. मल्टीमीटर ओहमवर लावून एलिमेंटच्या दोन टोकांना टेकवावा. निक्रोमच्या तारेचा रोध थंड असताना आणि तापल्यावर जवळपास सारखाच असतो. जुन्या पिवळ्या बल्बवर मात्र हा प्रयोग करू नये. त्याची टंगस्टनची तार थंड असताना दहा-पंधरा पटींनी कमी रोध दाखविते.

याच हिशेबाचा दुसरा उपयोग आम्हाला अधिक मोलाचा वाटतो, कारण तेथे प्रश्न आगीचा आहे. मदनपुरा असो की धारावी, शिलाईच्या कारखान्यात हजार वॅटच्या तीन इस्त्र्या एकाच लांब वायरवर चालविलेल्या दिसतात. तिन्ही तापत असताना सुमारे १३ अँपिअर प्रवाह जातो. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २० मीटर नेली तर जाऊन-येऊन ४० मीटर होते आणि तिचा रोध पाऊण ओहमहून थोडा अधिक भरतो. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे १३० वॅटच्या आसपास शक्ती केवळ वायर तापविण्यात जाते, आणि तिचेही बिल भरावे लागते. अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर हाच आकडा पन्नास-पंचावन्नवर येतो.

तरीही वायरची उष्णता वीस मीटरवर पसरलेली असते. खरा धोका सैल जोडाचा. पिळून टेप गुंडाळलेल्या जोडात अर्धा ओहम रोध आला तर त्याच १३ अँपिअरला तेथे ८० वॅटहून अधिक उष्णता एका बोटाएवढ्या जागेत साठते. शेजारी कापडाच्या चिंध्या असतात. फ्यूज उडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. प्लग काळा पडला असेल किंवा हाताला गरम लागत असेल तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे. मीटर लावण्याचे कामही त्याच्यावरच सोपवावे. गुणाकार तेवढा आपण करावा.

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागधारकांना एक इशारा. मोटारीला हा सरळ गुणाकार लागू पडत नाही. तीन फेजच्या एक हॉर्सपॉवर मोटारीचा प्रवाह १.८ अँपिअर आणि दोन फेजांमधील दाब ४१५ व्होल्ट असेल तर १.७३ × ४१५ × १.८ म्हणजे सुमारे १२९० येतात. त्यास पॉवर फॅक्टरने, समजा ०.८ ने, गुणावे तेव्हा खरे वॅट हजाराच्या थोडे वर निघतात. शिवाय दाब उतरला की इस्त्री थंड पडते. १८० व्होल्टवर हजाराची इस्त्री ६१२ वॅटच देते. लोडवरील मोटार मात्र उलट जास्त प्रवाह ओढते आणि वाइंडिंग जळते.

राहिली मीटर पळत असल्याची तक्रार. बाकी सर्व बंद करून एकच इस्त्री पूर्ण तापमानावर लावा. २२० व्होल्ट आणि ४.१६ अँपिअर असतील तर ९१५ वॅट. मीटरवर युनिटला ३२०० ठोके असे छापलेले असेल तर इस्त्रीचा दिवा पेटलेला असताना मिनिटाला साधारण ४९ वेळा लाल दिवा लुकलुकला पाहिजे. साठ वेळा लुकलुकला तर आधी दुसरा लोड कोठे चालू राहिला आहे का ते पाहा. तसे नसेल तर मीटर तपासणीच्या अर्जात दाब, प्रवाह, वेळ आणि ठोके हे चारही आकडे लिहा.