डावं पान डग्ग्याचं

माझ्या चित्रपुस्तकाच्या पहिल्या पानावर तबला नाही, चुंबळ आहे. लालबागच्या बाजारात हमालाच्या डोक्यावर दिसते तशीच, चिंध्या गुंडाळून केलेली. आमच्या चाळीत बाबांच्या डग्ग्याखाली आईच्या विटक्या लुगड्याची चुंबळ असायची. गुरुवारी गिरणीतून आले की आंघोळ करून बाबा भजनाला बसत. आधी चुंबळ झटकून ठेवत, मग डग्गा तिच्यावर दाबून, जरा हलवून बघत. तो डुगडुगला तर पुन्हा उचलत. मी शेजारी बसून हे सगळं बघायची.

महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झाले. नातू सातव्या वर्षी तबल्याच्या क्लासला जायला लागला आणि दोन महिन्यांत कंटाळला. परीक्षेसाठी वहीत तालांची माहिती उतरवून घ्यायची, मात्रा किती, टाळ्या किती, काल कितवी, याची उत्तरं पाठ करायची. हात तबल्यावर पडायचा तो तास संपता संपता. त्याच्यासाठी दादरची पुस्तकांची दुकानं पालथी घातली. परीक्षेची पुस्तकं भरपूर मिळाली, पण सात वर्षांच्या मुलाने मांडीवर घेऊन चाळावं असं काही हाती लागलं नाही. तेव्हा ठरवलं, आपणच काढायचं.

लहानांसाठी संगीताचं पुस्तक ही कल्पना जुनीच आहे. पलुस्करांनी, म्हणजे पं. विष्णु दिगंबरांनी, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ‘संगीत बालप्रकाश’ लिहिलं. लहानपणी दारूकामाच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली होती. त्याच माणसाने स्वर आणि ताल कागदावर दिसावेत म्हणून स्वतःची खुणांची लिपी तयार केली, हे आठवलं की माझा ब्रश थांबतो. त्याच काळातले दुसरे संगीतपंडित भातखंडे यांची लिपी वेगळी. त्यांच्याकडे समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, फुली आणि कालेला, म्हणजे टाळी न देण्याच्या रिकाम्या जागेला, शून्य. पलुस्करांकडे समेला एक आणि कालेला अधिकची खूण. मोठ्या माणसाला हे पटकन उमजतं. मुलाला मात्र त्या शून्यात काय घडतं ते दिसायला हवं.

त्रितालासाठी मी चाळ काढली. चार मजले, मजल्यावर चार खोल्या, मिळून सोळा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या खोलीच्या दारात कुणीतरी टाळी देतंय. नवव्या खोलीला कुलूप. त्या मजल्यावर डग्गा गप्प होतो, नुसता तबला बोलत राहतो. नातवाने कुलपावर बोट ठेवून विचारलं, “गावाला गेलेत?” मी हो म्हटलं.

मग शाईचं पान. तबल्याच्या पुडीवरचा काळा गोल हा रंग नव्हे. लोखंडाची पूड आणि खळ यांचे थरावर थर देऊन, दगडाने घोटून तो बसवलेला असतो. तबल्यावर मधोमध, डग्ग्यावर जरा बाजूला. साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे नाद एकमेकांशी जुळत नाहीत. मधल्या या वजनामुळे ते जुळतात, म्हणून तबला सुरात लावता येतो. आपल्या चर्मवाद्यांचा हा गुण सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मांडला. मी ते पान चारकोलने काढलं, थरावर थर देत, बोटाने घोटत. संध्याकाळपर्यंत बोटं काळी झाली होती.

तबला आधी तोंडात येतो, मग हातात. माझ्या पुस्तकातही पहिली पाच पानं नुसती म्हणायची आहेत. झाकीर हुसेन सांगत की, ते जन्मले तेव्हा वडिलांनी, उस्ताद अल्लारखाँ यांनी, त्यांच्या कानात प्रार्थना म्हणून तबल्याचे बोल म्हटले होते. बाबा मला मांडीवर घेऊन पाठीवर थोपटत, तेही बोल म्हणतच. १९८२ च्या गिरणी संपात घरात पैसा येईनासा झाला, तरी गुरुवारचं भजन चुकलं नाही आणि ते थोपटणंही.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते ‘धा’वर. ‘ना’ काढणं सोपं: अनामिका शाईच्या कडेला अलगद टेकलेली, तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर. ‘गे’ डग्ग्यावरचा, मनगट टेकून. दोन्ही हात एकदम पडले की ‘धा’. हा एकदमपणा एका चित्रात कसा दाखवायचा? सात कागद फाडले. शेवटी पुस्तक उघडून समोर ठेवलं आणि सुचलं की डावं पान डग्ग्याचं, उजवं तबल्याचं. डावीकडे ‘गे’, उजवीकडे ‘ना’, आणि दोन्ही पानांवरून आडवा पसरलेला मोठा ‘धा’.

कच्ची प्रत टाचून नातवापुढे ठेवली. त्याने बसकण मारली, दोन्ही हात दोन पानांवर ठेवले आणि कागदावरच वाजवायला लागला. टाचणीपाशी डग्ग्याची कड अर्धा इंच गिळली गेली आहे, त्याचा अंगठा तिथे अडतो. डग्गा जरा डावीकडे सरकवून ते पान पुन्हा काढायला घेतलंय.