माशाचा विषारी काटा लागला तर काय करावे?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि तोडणी यांविषयी लिहितो. या वेळी माशाच्या काट्याविषयी लिहीत आहोत. उसाच्या पानावर मासा कोठून आला, असे काहींना वाटेल. पण आपल्या कार्यक्षेत्रात आता विहिरींबरोबर शेततळीही झाली आहेत. २०१६ साली शासनाची 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, तेव्हापासून अनेकांनी तळ्यात मत्स्यबीज सोडले. पूर्णेच्या डोहात आणि नाल्याच्या डबक्यात तोडणीवाल्यांची पोरे मासे धरतात. अमरावती-अकोल्याच्या घरांत काचेच्या मत्स्यटाक्या आल्या आहेत. त्यामुळे काटा लागण्याचे प्रसंग येतात, आणि तेव्हा काय करावे हे घरात कोणालाच ठाऊक नसते.

आमच्याच हातून झालेली एक चूक आधी सांगतो. काही हंगामांपूर्वीची, फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट. एका सभासदाच्या फडावर तोडणी चालू होती. टोळीतला पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा दुपारी जवळच्या आटत्या नाल्यात मासे धरायला गेला. चिखलात हात घालताच शिंगी माशाने त्याच्या अंगठ्यात काटा खुपसला. आम्ही पोचलो तेव्हा मनगटाला सुतळी करकचून बांधलेली होती, जखमेवर चुना लावलेला होता आणि पोरगा कोपीपुढे लोळत होता. "लय आग होऊन राह्यली साहेब, हात तोडून टाका पन हे थांबवा," असे तो म्हणत होता.

माशाच्या काट्यावर गरम पाणी चालते, एवढे आम्ही कुठेतरी वाचले होते. सुतळी सोडली, चुलीवरचे पाणी घमेल्यात ओतले आणि त्याचा हात त्यात धरला. थोड्याच वेळात तो म्हणाला, "आता बरं वाटते." आम्हाला समाधान वाटले. पण पाणी किती गरम आहे ते आम्ही पाहिलेच नव्हते. संध्याकाळपर्यंत हातावर फोड आले. काट्याचे दुखणे दोन दिवसांत गेले, भाजल्याची जखम मात्र तीन आठवडे राहिली. तेवढे दिवस त्या पोराला कोयता धरता आला नाही. उपाय खरा होता, मात्रा चुकली. ती बरोबर कशी घ्यावी, हे सांगण्यासाठी हा लेख.

काटा कोणत्या माशाला असतो?

रोहू, कटला, मृगळ हे तळ्यात सोडायचे मासे. यांना विषारी काटा नाही. सांभाळायचे ते मिशा असलेल्या, खवले नसलेल्या माशांना. यांत शिंगी सर्वांत त्रासदायक. काळपट, लांबट, साधारण वीतभर ते फूटभर वाढणारा हा मासा. हवेतूनही श्वास घेत असल्यामुळे पाणी आटून चिखल झाला तरी तो जिवंत राहतो. म्हणून मेलेला समजून त्याला हात लावू नये. त्याच्या दोन्ही बाजूंच्या परांत एकेक टणक काटा असतो आणि काट्याच्या बुडाशी विषाची ग्रंथी असते. धरले की मासा काटे ताठ करतो. मांगूर आणि शिंगाळ्याच्या जातीच्या माशांनाही असे काटे असतात, त्यांचा त्रास बहुधा कमी असतो. आपल्याकडचे भोई मासा जाळ्यातून काढताना काटे कसे चुकवतात, ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे.

शहरातल्या मत्स्यटाकीतही मिशावाले मासे असतात. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे हौशी लोक सिंहमासा पाळतात. तो दिसायला फार देखणा, पण त्याच्या पाठीवर १३ विषारी काटे असतात, पोटाकडेही असतात. दक्षिण अमेरिकेतले गोड्या पाण्यातले पाकट मासेही काही जण ठेवतात, त्यांचा काटा शेपटीवर असतो. समुद्रातल्या पाकटाचा प्रताप मुंबईकरांनी सप्टेंबर २०१३ मध्ये पाहिला. दीड दिवसाच्या गणपती विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर पाण्यात उतरलेल्या अनेक भाविकांच्या पायांना काटे लागले आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. आपली मुले-नातवंडे मुंबईला असतात, त्यांनाही हे सांगून ठेवावे.

गरम पाण्याने काय होते?

माशाचे विष हे मुख्यतः प्रथिनांचे बनलेले असते आणि अशी प्रथिने उष्णतेने निकामी होतात. उबेमुळे वेदनाही दबते, असे डॉक्टर सांगतात. हे तत्त्व आपल्याला नवे नाही. उसाच्या बेण्याला आपण ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दोन तास उष्णजल प्रक्रिया करतो. उष्णता कमी पडली तर गवताळ वाढीचा रोग जात नाही, जास्त झाली तर डोळाच मरतो. माणसाच्या हाताचेही तसेच आहे. मात्र हात म्हणजे बेणे नव्हे. त्याला मर्यादा ४५ अंशांची, त्यावर कातडी भाजण्याचा धोका सुरू होतो.

काय करावे?

१. माणसाला सावलीत बसवावे. बोटातली अंगठी, हातातले कडे लगेच काढावे, सूज आली की निघत नाही.

२. जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. वर दिसणारा काट्याचा तुकडा चिमट्याने अलगद काढावा. खोल गेलेला, किंवा मान, छाती, पोट यांत रुतलेला काटा उपसू नये, तसेच दवाखान्यात न्यावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरावे.

३. एक तांब्या उकळते पाणी आणि तीन तांबे साधे पाणी बादलीत मिसळावे. साधे पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर मिश्रण सुमारे ४४ अंशांचे होते. आपल्याकडे उन्हाळ्यात टाकीतले पाणी आधीच तापलेले असते, तेव्हा साधे पाणी पाच-सहा तांबे लागते. म्हणून केवळ तांब्यांच्या हिशेबावर राहू नये.

४. पाणी दुसऱ्या धडधाकट माणसाने आपला कोपर बुडवून पाहावे. चांगले गरम लागावे, पण कोपर आत ठेवता आला पाहिजे. ज्याला काटा लागला त्याला विचारून उपयोग नाही, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. आमची चूक नेमकी इथे झाली. तापाचे थर्मामीटर ४२ अंशांपर्यंतच दाखवते, ते या कामाला चालत नाही.

५. हात किंवा पाय ३० ते ९० मिनिटे पाण्यात ठेवावा. पाणी निवले की आधी हात बाहेर काढावा, मग गरम पाणी ओतावे, पुन्हा कोपराने पाहावे आणि मगच हात आत घालावा. हात आत असताना वरून उकळते पाणी कधीही ओतू नये. कातडी फार लाल दिसू लागली तर थांबावे. बाहेर काढल्यावर ठणका परत आला तर पुन्हा करता येते. लहान मुले, म्हातारी माणसे आणि साखरेचा आजार असलेले यांच्या बाबतीत पाणी जरा कोमटच ठेवावे आणि सारखे लक्ष द्यावे.

६. त्यानंतर दवाखान्यात जावे. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले आहे का, हे डॉक्टर विचारतील. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर एक्स-रे काढावा लागतो.

काय करू नये?

सुतळी, दोरी बांधू नये, बोटाचा रक्तपुरवठा बंद पडतो. ब्लेडने चिरू नये, तोंडाने चोखू नये. चुना, तंबाखू, रॉकेल, शेण लावू नये. विडीचा चटका देऊ नये. सापाची लस माशाच्या काट्यावर चालत नाही, तिच्यासाठी हट्ट धरू नये.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो. गरम पाण्याचा हा उपाय फक्त माशाच्या काट्याला आहे. साप किंवा विंचू चावला तर गरम पाण्यात वेळ घालवू नये, सरळ दवाखाना गाठावा. पाण्यात काय लागले ते दिसले नसेल आणि साप असण्याची शंका असेल, तर साप समजूनच निघावे.

श्वास लागणे, चेहरा सुजणे, चक्कर येणे, उलट्या होणे यांपैकी काही दिसले तर क्षणभर थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. पुढच्या दोन-तीन दिवसांत सूज वाढली, लाली वर चढू लागली, पू किंवा ताप आला तरी जावे. डबक्याच्या पाण्यातले जंतू जखमेत शिरले तर माशाच्या विषापेक्षा जास्त नुकसान करतात. मत्स्यटाकी साफ केल्यावर काही आठवड्यांनी बोटावर न भरणारी गाठ किंवा फोड आला, तर डॉक्टरांना टाकीची गोष्ट आवर्जून सांगावी. ती सांगितली नाही तर निदानाला फार उशीर होतो.

पुढची काळजी म्हणून एवढे करावे. चिखलात नुसता हात घालू नये. डबक्यात उतरताना पायात बूट असावा. टाकीतला मासा हलवताना त्याला भांड्यातच घ्यावे, जाळीत त्याचे काटे अडकतात आणि सोडवताना बोटात शिरतात. नको झालेला टाकीतला मासा विहिरीत किंवा शेततळ्यात सोडू नये.

तोडणी सुरू होण्याआधी सभासदांनी आपल्या फडावरच्या मुकादमाला हा मजकूर वाचून दाखवावा, अशी विनंती आहे. टोळीतली माणसे परगावची असतात, दवाखाना कोणीकडे आहे हेही त्यांना माहीत नसते. त्या मुलाला त्या दिवशी एक कोपर पाण्यात बुडवून पाहणारा माणूस हवा होता. तो आम्ही असायला हवा होतो.

— ऊस विकास अधिकारी