किरणोत्सारी पाणी आणि झिओलाइट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बुलढाण्यापर्यंत आलेल्या अजिंठ्याच्या डोंगररांगेत काळा खडक फोडला, की कधी कधी आतल्या पोकळीत पांढरे, फिकट गुलाबी स्फटिक चमकतात. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट ही त्यांतली काही झिओलाइट खनिजं. 1979 साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला, तेव्हा तिथलं दूषित पाणी साफ करायला याच कुळातले पदार्थ वापरले गेले. ही माहिती अर्धवट कानावर पडली, की तिच्यातून गैरसमज निघतात.

गैरसमज: झिओलाइट किरणोत्सार नष्ट करतो.

वस्तुस्थिती: असं कोणताच अधिशोषक, म्हणजे पाण्यातले घटक धरून ठेवणारा पदार्थ, करू शकत नाही. झिओलाइटच्या जाळीत अतिसूक्ष्म बोगदे असतात. त्यांतला सोडियमचा आयन बाहेर पडतो आणि पाण्यातला किरणोत्सारी सीझियमचा आयन त्याची जागा घेतो. किरणोत्सार तेवढाच राहतो. तो भरपूर पाण्यातून थोड्याशा घन पदार्थात गोळा होतो, इतकंच. सीझियम-137 चं अर्धायुष्य सुमारे 30 वर्षं आहे. तो हजारातला एक भाग उरेपर्यंत 300 वर्षं जातात. तोवर वापरलेला झिओलाइट जाड कवचाआड सांभाळावाच लागतो.

गैरसमज: एकच पदार्थ सगळं पकडतो.

वस्तुस्थिती: 2011 मध्ये जपानमधल्या फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुभट्ट्या थंड करायला समुद्राचं पाणी सोडावं लागलं. खाऱ्या पाण्यात सोडियम इतका असतो, की जाळीतल्या जागा तोच अडवतो. म्हणून सीझियम निवडून पकडणारे झिओलाइट आणि प्रशियन ब्लू या रंगद्रव्याच्या जातीचे फेरोसायनाइड लागतात. आल्कधर्मी अणुकचऱ्यासाठी आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रिसॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझीन विकसित केली. ट्रिटियम मात्र यांतल्या कशालाच दाद देत नाही, कारण तो हायड्रोजनचाच प्रकार असून थेट पाण्याच्या रेणूत बसतो.

गैरसमज: पकडलेला सीझियम म्हणजे निव्वळ कचरा.

वस्तुस्थिती: भाभा केंद्राने अणुकचऱ्यातून सीझियम वेगळा काढून काचेच्या कांड्यांत बंद केला. रुग्णाला देण्याआधी रक्तावर किरणांची प्रक्रिया करणाऱ्या यंत्रांत या कांड्या वापरतात.

गैरसमज: हे स्फटिक टाकले, की बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी गोड होतं.

वस्तुस्थिती: शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद भागातल्या अनेक विहिरींचं दुखणं आहे विरघळलेले क्षार. झिओलाइट कॅल्शियम घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. पाण्याचा जडपणा कमी होईल, खारेपणा तसाच राहील. त्यासाठी आरओ यंत्रणा हवी, नाहीतर धरणाचं गोडं पाणी.

एखादा विक्रेता चमत्कारी दगड किंवा फिल्टर घेऊन दारात आला, तर त्याला दोन प्रश्न जरूर विचारा: हा नेमकं काय पकडतो, आणि पकडलेलं पुढे जातं कुठे? यांची उत्तरं त्याला देता आली नाहीत, तर पैसे देऊ नका आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.