दुधांतले पोहे

आमच्या भाईंदरच्या घरांत रोज सकाळीं दुधाच्या वाटीवरून एक लहानसा कलह होत असे. नातवाला मक्याचे पोहे कुरकुरीत हवेत. ते मऊ पडले कीं वाटी तशीच टाकून तो उठे. मला, दांत गेल्यामुळें, तांदुळाचे पोहे भिजून मऊ झालेलेच लागतात. सूनबाई बिचारी दोघांचींही बोलणीं खाई, आणि उरलेलें दूध मोरींत जाई. शेवटीं, हें असें कां होतें याचा विचार करणें मला प्राप्त झालें.

पोह्यांस संस्कृतांत ‘पृथुक’ म्हणतात. सुदाम्यानें द्वारकेस नेले ते हेच. भात भिजवून भाजावें व गरम असतांच चेपावें, कीं पोहे झाले. त्या उष्णतेनें आंतील पिष्ट अगोदरच शिजलेलें असतें. म्हणून पोहे नुसते भिजविले तरी खातां येतात. मक्याचे पोहे अमेरिकेंतील बॅटल क्रीक येथील केलॉग बंधूंचे. त्यांनीं १८९४ सालीं प्रथम गव्हाचे पोहे केले. मक्याच्या पोह्यांचा कारखाना १९०६ सालीं निघाला.

कोरडें पिष्ट कांचेसारखें ताठर असतें; तें दातांखालीं फुटतें, तोच कुरकुरीतपणा. पोह्यांच्या अंगीं असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात. वातींत तेल चढावें तसें दूध त्यांतून आंत चढतें, मग त्यांतील पाणी पिष्टांत मुरतें व ताठरपणा जातो. दुधांतील स्निग्धांश मात्र पृष्ठभागावर पुटासारखा बसून वाट अडवितो. त्यामुळें निव्वळ पाण्यापेक्षां सायीच्या दुधांत पोहे अंमळ उशिरा नरमतात. ऊन दूध लवकर शिरतें, थंड दूध सावकाश. पातळ पोहे आधीं भिजतात, जाड मागाहून. इतकेंच काय, डब्याचें झांकण उघडें राहिलें तर आमच्या खाडीकांठची दमट हवाही हेंच काम करते.

एवढें उमगल्यावर उपाय सोपा झाला. नातवाच्या वाटींत आतां थंड दूध आधीं, आणि मक्याचे पोहे मूठ मूठ करून वरून. माझ्या पातळ पोह्यांवर ऊन दूध घालून दहा मिनिटें झांकण. नरकचतुर्दशीस दूधपोहे सर्व घर एकाच पंगतीस खातें. त्या दिवशीं नातूही मऊ पोह्यांना नांवें ठेवीत नाहीं. एरवीं ज्याची त्याची वाटी निराळी असली, तरी मोरींत जाणारें दूध मात्र वांचलें, आणि सूनबाईंची सकाळ सुखाची झाली.