जिला ‘खेळणं’ म्हणून हिणवलं, त्या रायफलीने अचूक नेमबाजीचं मैदान कसं मारलं?

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची फायनल खेळत होता आणि इकडे महाराष्ट्रात लोक मोबाइलला डोळे लावून बसले होते. ४५१.४ गुण आणि कांस्यपदक! तो व्हिडिओ पुन्हा कधी पाहिलात तर त्याच्या हाताकडे लक्ष द्या. एक गोळी झाडली की तो बोल्ट मागे ओढतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवं काडतूस हाताने आत जातं, बोल्ट पुढे, आणि मगच पुढचा नेम. दर वेळी हेच.

आता प्रश्न असा की, चाप ओढला की पुढचं काडतूस आपोआप आत घेणाऱ्या रायफली जगात शंभर वर्षांहून जास्त काळ आहेत. मग ऑलिंपिकमध्ये हा हाताचा खटाटोप कशाला?

सरळ उत्तर म्हणजे नियम. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते. पण त्यापलीकडे नेमबाजांमध्ये एक जुनी समजूतही होती. जी रायफल स्वतःच स्वतःला भरते ती कधीच पुरेशी अचूक असू शकत नाही, असं मानलं जायचं. ही समजूत बराच काळ खरीही होती. ती मोडीत निघाली अमेरिकेत, आणि तीही अशा एका रायफलीमुळे जिच्यावर नेमबाज हसत होते.

पुढे जाण्याआधी एक गोंधळ दूर करू. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे मशीनगन नव्हे. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. त्याच गोळीच्या दारूचा थोडा वायू वापरून रायफल रिकामं काडतूस फेकते आणि नवं आत घेते. पुढच्या गोळीसाठी चाप पुन्हा ओढावाच लागतो.

अचूक म्हणजे नेमकं काय?

भिंतीवरचं घड्याळ रोज बरोबर पाच मिनिटं पुढे असेल तर ते निरुपयोगी नसतं. काटे मागे केले की झालं. पण कधी दोन मिनिटं पुढे, कधी चार मिनिटं मागे असं चालणारं घड्याळ कुणीच दुरुस्त करू शकत नाही.

रायफलीचंही तसंच. दहाच्या दहा गोळ्या खाली डाव्या कोपऱ्यात एकाच ठिकाणी लागल्या, तर रायफल उत्तम आहे. साइट थोडी फिरवायची, बस्स. गोळ्या चहूकडे पसरल्या तर मात्र दुखणं खोलवरचं आहे. म्हणजे अचूकतेचा सगळा खेळ ‘दर वेळी अगदी तसंच घडणं’ यावर आहे.

हा पसारा मोजायला नेमबाज ‘मिनिट’ वापरतात. हे घड्याळातलं मिनिट नाही, कोनाचं आहे: एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो साधारण २९ मिलिमीटर होतो, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा किंचित मोठा.

आता कळेल की सेमी-ऑटोमॅटिकची अडचण कुठे होती. तिच्यात हलणारे भाग जास्त. एक दांडा मागे जातो, स्प्रिंग दाबली जाते, बोल्ट धाडकन पुढे येतो. हे सगळं दर गोळीला केसाच्या फरकाने वेगळं बसलं, तरी लांबवरच्या लक्ष्यावर तो फरक वीतभर होऊन दिसतो. अनेकांना वाटतं की गोळी नळीत असतानाच हा गोंधळ सुरू होतो. तसं नाही. गोळी साधारण एक सहस्रांश सेकंदात नळीबाहेर गेलेली असते आणि तोवर बोल्ट कुलूपबंदच असतो. खरं दुखणं दोन ठिकाणी असतं: सगळे भाग पुन्हा आधीच्याच जागी बसतात का, आणि नळीला कोण कोण टेकलेलं आहे.

नळीला टेकल्याने काय होतं, ते घरीच करून पाहता येईल. पितळी तांब्यावर चमचा वाजवा. मग तांब्याला बोट टेकवून पुन्हा वाजवा. आवाज बदलतो. गोळी सुटताना रायफलीची नळीही अशीच थरथरते. तिला लाकूड, पट्टा, वायूचं नळकांडं असं काही टेकलेलं असेल आणि तो दाब दर वेळी बदलत असेल, तर थरथरही बदलते आणि गोळीची जागाही.

सरोवराकाठची परीक्षा

अमेरिकेत ओहायो राज्यात एरी सरोवराच्या काठावर कॅम्प पेरी नावाचं ठिकाण आहे. १९०७ पासून तिथे राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरतात. त्यातला ‘सर्व्हिस रायफल’ हा गट महत्त्वाचा, कारण तिथे सैनिकांच्या रायफलीसारखीच रायफल वापरावी लागते. अंतरं २००, ३०० आणि ६०० यार्ड. शेवटचं अंतर म्हणजे जवळपास साडेपाचशे मीटर, आणि तिथलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १२ इंच व्यासाचं, म्हणजे दोन मिनिटांचं. शिवाय एका फेरीत सुमारे मिनिटभरात दहा गोळ्या झाडायच्या, मध्ये मॅगझीनही बदलायचं.

या जलद फेरीत सेमी-ऑटोमॅटिकचा फायदा उघड आहे. बोल्ट ओढायला हात उचलावा लागत नाही, त्यामुळे गालाची जागा, खांद्याचा दाब, कोपराची बैठक काहीच मोडत नाही. फक्त रायफल स्वतः विश्वासाची हवी.

१९३६ मध्ये अमेरिकी सैन्याने जॉन गॅरंड यांची एम-१ रायफल स्वीकारली, १९५७ मध्ये तिचीच पुढची पिढी असलेली एम-१४. युद्धासाठी दोन्ही दणकट. पण कोठारातून आलेली साधी रायफल साधारण तीन-चार मिनिटांत गोळ्या पाडायची. दोन मिनिटांचं वर्तुळ गाठायला ते पुरेसं नव्हतं.

मग सैन्यातले शस्त्र-कारागीर कामाला लागले. मुख्य शत्रू होता लाकडी दस्ता. सरोवराकाठच्या दमट हवेत लाकूड फुगतं, उन्हात आकसतं, आणि आतला लोखंडी भाग रोज वेगळा बसतो. म्हणून दस्त्यात थोडं लाकूड कोरून तिथे काचतंतू मिसळलेलं इपॉक्सी भरायचं आणि त्यातच रायफलीचा लोखंडी भाग दाबून बसवायचा. इपॉक्सी घट्ट झालं की त्या एकाच रायफलीच्या मापाचा साचा तयार! वायूचं नळकांडं आणि त्याची पट्टी जोडून एकसंध करायची, म्हणजे ते सैल हलणार नाही. जाड, निवडक नळी बसवायची. चापाचे घासणारे पृष्ठभाग हाताने गुळगुळीत करायचे.

रायफल सुधारायची, अगदी मिनिट-दीड मिनिटापर्यंत. पण हे सुख टिकायचं नाही. मोठ्या काडतुसाच्या धक्क्यांनी तो साचा झिजायचा आणि पुन्हा भरावा लागायचा. नेमबाज तर रायफल दस्त्यातून काढायलाच घाबरत. साफ करतानाही ती उलटी धरत, कारण नळी साफ करायचं द्रावण साच्यात झिरपलं तर तो खराब होईल. लाडावलेलं मूल सांभाळावं तशी ही रायफल सांभाळावी लागे.

आणि मग ‘खेळणं’ आलं

युजीन स्टोनर यांच्या आराखड्यावरून आलेली एम-१६ दिसायलाच वेगळी होती: ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक, हलकी. गोळी फक्त साडेतीन ग्रॅमची. एम-१४ ची साधी गोळी साडेनऊ ग्रॅमची. त्यात व्हिएतनाममध्ये सुरुवातीला ती ऐन लढाईत अडकायची आणि त्यापायी सैनिकांचे जीव गेले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली, तेव्हा काडतुसातली दारू बदलल्याची बाब पुढे आली. सैनिकांनी या रायफलीला ‘मॅटेल’ म्हणायला सुरुवात केली होती, म्हणजे बार्बी बाहुल्या बनवणाऱ्या कंपनीचं नाव. नेमबाजांचं मतही याहून बरं नव्हतं. ६०० यार्डांवर ही चिमुकली गोळी वाऱ्यावर पाचोळ्यासारखी उडेल, असं अनुभवी लोक सांगत.

गोळीबद्दल ते चुकले नव्हते. रायफलीबद्दल मात्र साफ चुकले.

एम-१६ मध्ये बोल्ट थेट नळीच्या मागच्या टोकाशी जोडलेल्या भागात कुलूपबंद होतो. स्फोटाचा सगळा जोर नळी आणि बोल्ट आपसात पेलतात. बाहेरचा ॲल्युमिनियमचा सांगाडा फक्त त्यांना धरून ठेवतो. त्यामुळे लाकूड, इपॉक्सी, साचा असलं काही लागतच नाही. बोल्ट मागे-पुढे जातो तोही नळीच्या सरळ रेषेत, एम-१४ च्या दांड्यासारखा एका बाजूने नाही. धक्का इतका कमी की दहा गोळ्यांनंतरही शरीर जागचं हलत नाही. कारागीर ज्या दुखण्याशी आयुष्यभर झगडत होते, त्यातली बरीचशी इथे मुळातच नव्हती.

राहिल्या दोन अडचणी. पहिली पट्ट्याची. नेमबाज रायफलीचा पट्टा दंडाला घट्ट आवळतो, आणि या रायफलीत तो ताण पुढच्या भागातून थेट नळीवर यायचा. ताण बदलला की ६०० यार्डांवर गोळी फूटभर सरकू शकते. उपाय असा निघाला की नळीभोवती एक धातूची नळकांडी बसवायची, मागच्या टोकाला पक्की आणि पुढे नळीला कुठेही न टेकणारी. पट्टा तिला अडकवायचा. मग कितीही ओढा, नळी आपली मोकळी. तांब्यावरचं बोट उचललं गेलं! गंमत म्हणजे, रायफल बाहेरून सैन्याच्या रायफलीसारखीच दिसली पाहिजे हा नियम होता. म्हणून ही नळकांडी नेहमीच्या प्लॅस्टिकच्या आवरणाखाली लपवली गेली. पुढे तर डोलणं कमी व्हावं म्हणून दस्त्यात आणि आवरणाखाली शिशाची वजनंही घातली जाऊ लागली. जिला हलकी म्हणून हिणवलं, तिलाच जड करून स्पर्धेत उतरवलं जाऊ लागलं.

दुसरी अडचण गोळीची. वाऱ्याला तोंड द्यायचं तर गोळी लांब आणि जड हवी. पण लांब गोळी सरळ उडायला जास्त वेगाने फिरावी लागते. भोवऱ्याला जोराची जाळी न बसल्यास तो डुलतो, तसंच. हे फिरणं नळीच्या आतल्या आट्यांमुळे मिळतं. व्हिएतनामच्या काळातल्या नळीत १२ इंचांत एक फेरा होता. १९८० च्या दशकातल्या एम-१६ए२ मध्ये तो ७ इंचांत एक झाला. वाट मोकळी झाली आणि स्पर्धेसाठी ६९, ७७, ८० ग्रेनच्या लांबट गोळ्या आल्या. मूळ गोळी ५५ ग्रेनची होती.

१९९० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या नेमबाजी पथकाने एम-१४ बाजूला ठेवून एम-१६ हाती घेतली. मरीन कोअरचा संघ थोडा जास्त काळ जुन्या रायफलीला चिकटून राहिला, मग तोही वळला. बघता बघता स्पर्धेच्या रांगेतून लाकडी दस्ते दिसेनासे झाले. एका पिढीने हाताने कमावलेली साचे भरण्याची कला मात्र जवळपास निवृत्त झाली. नव्या रायफलीत चांगली नळी, मोकळी नळकांडी आणि नीट चाप बसवला की मिनिटाच्या आत गोळ्या पडतात, आणि त्यासाठी मोठा कारागीरही लागत नाही.

तरीही मर्यादा आहेतच

सगळं मनासारखं हलकं-नाजूक करता येत नाही. या रायफलींत काडतूस आत आदळताना टाचणीचं टोक काडतुसाच्या बुडाला हळूच स्पर्श करतं, म्हणून तिथलं स्फोटक फार संवेदनशील असून चालत नाही. चापाचंही तेच. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत चापाच्या वजनाला किमान मर्यादा नाही. सर्व्हिस रायफलीत तो साडेचार पौंड, म्हणजे सुमारे दोन किलो वजन उचलेल इतका जड ठेवावा लागतो. एवढा जड चाप नळी न हलवता दाबायला वर्षांची तालीम लागते. आणि निव्वळ अचूकतेत उत्तम बोल्ट रायफल आजही पुढेच आहे.

सोशल मीडियावर मात्र वेगळंच चित्र दिसतं. एका नाण्याखाली झाकल्या जाणाऱ्या तीन भोकांचा फोटो, आणि खाली ‘अर्ध्या मिनिटाची रायफल’ असा दावा! तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात. तीच रायफल तापलेल्या नळीने सलग दहा गोळ्या झाडेल तेव्हा वर्तुळ केवढं होतं, ते बघावं. कॅम्प पेरीत एका फेरीत किमान दहा गोळ्या मोजतात. फोटो टाकणारे बहुधा सगळ्यात छान तिघींचाच टाकतात.

भारतात अशा रायफलींवर शस्त्र कायद्याचे कडक निर्बंध आहेत, त्यामुळे इथल्या नेमबाजांचा प्रवास बहुतेक १० मीटर एअर रायफलपासूनच सुरू होतो. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली, तीही एक-एक गोळी हाताने भरूनच.

आणि कॅम्प पेरीत? ६०० यार्डांच्या फेरीत वापरली जाणारी ८० ग्रेनची ती लांब गोळी काडतुसात बसवली की मॅगझीनमध्ये मावतच नाही. म्हणून सगळ्यात लांबच्या, सगळ्यात अवघड अंतरावर ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेऊन झोपलेला नेमबाज दर गोळीनंतर हात पुढे करतो आणि पुढचं काडतूस बोटांनी आत ठेवतो.