गजाची तार आणि बोटांची तार

डबल बासच्या तारा दोन जातींच्या असतात, एक गजाने वाजवायची आणि दुसरी बोटांनी छेडायची. ज्याला दोन्ही करायचे त्याने दोन वाद्ये बाळगावीत, असा एक समज मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. नवशिक्याला तो पहिल्याच महिन्यात ऐकवला जातो, आणि ऐकवणारा बहुधा स्वतः एकाच प्रकारे वाजवणारा असतो. बास हे माणसाच्या उंचीचे वाद्य. अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या दोन खोल्यांच्या घरात एक उभा करायचा तर कपाट सरकवावे लागते. दुसरा कुठे ठेवायचा, हे सल्ला देणारे सांगत नाहीत.

याच शहराचा इतिहास या समजाच्या विरुद्ध साक्ष देतो. १९५० आणि ६०च्या दशकांत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याहून आलेल्या वादकांचा मोठा भरणा होता. दिवसा स्टुडिओत ध्वनिमुद्रण आणि रात्री हॉटेलांत जाझ किंवा नाचाचे बँड, असा त्यांच्यातल्या अनेकांचा दिनक्रम. ग्रेगरी बूथ यांचे ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या दोन पुस्तकांत तो तपशिलाने आला आहे. जाझमध्ये बास बोटांनी चालतो, व्हायोलिनांच्या ताफ्याखाली तो गजाने चालतो. हे काम करणाऱ्याला गज आणि बोटे अशी वाटणी परवडणारीच नव्हती.

समजाचे मूळ शोधायचे तर आधी तारेच्या आत डोकावावे लागते. बासच्या तारेला एक गाभा असतो आणि त्यावर धातूच्या चपट्या पट्टीचे वेढे. गाभा तातीचा, म्हणजे आतड्याच्या दोऱ्याचा असतो, कृत्रिम तंतूंचा असतो किंवा पोलादाचा. पोलादाचा असला तर बहुतेक वेळा अनेक बारीक तारांचा पीळ दिलेला दोर. गाभा आणि वेढे यांच्यामध्ये कंपने शोषणारा थर घालता येतो. तारेचा स्वभाव ठरतो तो याच गोष्टींवरून: गाभा किती लवचीक, मधला थर किती शोषक, आणि दर मीटरमागे वजन किती.

बोटाने छेडलेल्या तारेला ऊर्जा एकदाच मिळते. पुढचे सगळे त्या शिदोरीवर. तार आतून कंपने शोषणारी असेल तर स्वर लवकर विझतो, नसेल तर लांबतो. जुन्या जाझमधला तातीचा ‘ठक्‌’ असा आखूड, गोल ठोका आणि नंतरच्या पोलादी तारांचा गुणगुणत राहणारा स्वर यांत फरक आहे तो एवढाच. गजाचे तसे नाही. गज क्षणाक्षणाला ऊर्जा पुरवत असतो, म्हणून स्वर किती टिकतो हा प्रश्न तिथे उरत नाही. तिथे प्रश्न असतो तो स्वर सुरू किती लवकर होतो याचा. वादकांच्या भाषेत, तार किती लवकर ‘बोलते’ याचा.

गजाचे राळ लावलेले केस तारेला चिकटतात, तिला ओढत नेतात, ती सुटून मागे येते, पुन्हा चिकटते. हा चिकट-निसटीचा खेळ एका आवर्तनात एकदाच, नेमका घडला तर स्वर स्वच्छ येतो. अशा तारेत एक कोपरा इकडून तिकडे धावत असतो, हे हेल्महोल्ट्झ यांनी १९व्या शतकात दाखवले. गजाने वाजणाऱ्या तारांचा सविस्तर सिद्धांत पुढे १९१८ मध्ये कोलकात्याहून प्रसिद्ध केला तो चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. नोबेलच्या १२ वर्षे आधी ते याच विषयात बुडालेले होते. हे रामन परिणामाच्या प्रसिद्धीत झाकले गेले.

आता बासची अडचण. त्याची सर्वांत खालची ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे एका आवर्तनाला जवळपास २४ मिलिसेकंद लागतात. कंपन स्थिरावायला समजा दहा आवर्तने लागली, तर पाव सेकंद गेला. व्हायोलिनच्या ए तारेवर (सेकंदाला ४४० कंपने) तेवढीच दहा आवर्तने २३ मिलिसेकंदांत उरकतात. म्हणून व्हायोलिनवर जी खरखर कानाला कळतही नाही, ती बासवर ठळक ऐकू येते. कमी शोषक, चमकदार तार गजाखाली सुरुवातीला जरा कुरकुरते, शोषक तार लवकर वठणीवर येते. बोटांना नेमके उलट हवे असते. समजात खरे आहे ते एवढेच.

पण त्यातून दोन जाती निघत नाहीत. निघते ती एक पट्टी, आणि तिच्यावर तारा पुढे-मागे बसलेल्या असतात. एका टोकाला व्हिएन्नाच्या थोमास्टिक कंपनीची ‘स्पिरोकोर’: पिळाचा पोलादी गाभा, भरपूर टिकाव, छेडणाऱ्यांची लाडकी. दुसऱ्या टोकाकडे त्याच कंपनीची ‘बेलकान्तो’ आणि जर्मनीच्या पिरास्त्रोची ‘फ्लेक्सोकोर’, मुख्यतः वाद्यवृंदात गजाने वाजवण्यासाठी. मधल्या जागेत पिरास्त्रोच्याच कृत्रिम गाभ्याच्या ‘ऑब्लिगातो’ आणि ‘एव्हा पिराझी’, आणि अमेरिकेतल्या डॅडारिओची ‘हेलिकोर हायब्रिड’. शेवटच्या कंपनीने एकाच घराण्यात ऑर्केस्ट्रल, हायब्रिड आणि पिझिकाटो (म्हणजे छेडण्याचा) असे संच काढले आहेत. दोन्ही कामांची तार असूच शकत नाही म्हणणाऱ्यांनी मधल्याचे नाव एकदा वाचावे. शिवाय टोकाची तारही दुसऱ्या कामाला नालायक नसते. स्पिरोकोरवर गज चालतो, फक्त नव्या तारा काही आठवडे वाजवून मुरवाव्या लागतात आणि गजाचा हात जरा शहाणा लागतो. वेष्टनावर ‘वाइख’ असेल ती मऊ, ‘मिटेल’ असेल ती मध्यम. दोन्ही प्रकारे वाजवणाऱ्यांपैकी पुष्कळजण वाइखकडे वळतात.

मग ‘या तारेवर गज लागतच नाही’ ही तक्रार एवढी सार्वत्रिक का? कारण दोष बऱ्याचदा तारेत नसतोच. छेडायची जागा फिंगरबोर्डाच्या टोकावर, गजाची जागा तिथून जरा खाली, घोडीच्या बाजूला. या दोन जागा वीतभरसुद्धा लांब नाहीत. मे महिन्यात बोरिवलीच्या एखाद्या तालमीच्या खोलीत अर्धा तास छेडून झाल्यावर घामेजलेली बोटे गजाच्या पट्ट्यात एकदा जरी फिरली, की राळेची पकड गेली. तार बिचारी तीच असते. कोरड्या फडक्याने तो पट्टा पुसणे, आणि छेडताना तिथे हात न नेणे, हा उपाय फुकट आहे. स्पिरिटने पुसायचे तर थेंबही लाकडावर पडू देऊ नये, वॉर्निश विरघळते.

दुसरा खरा गुन्हेगार घोडी. केवळ छेडणाऱ्याच्या बासची घोडी अनेकदा सपाटसर आणि बुटकी घासलेली असते, तारा बोटांना हलक्या लागाव्यात म्हणून. अशा घोडीवर गज ठेवला की तो शेजारच्या तारेलाही लागतो, आणि जोर दिला की तार फिंगरबोर्डावर आपटते. अशा वाद्यावर जगातली सर्वांत महाग तार चढवली तरी फरक पडणार नाही, मात्र हजारो रुपये गेलेले असतील. दोन्ही कामांच्या बासला घोडीची कमान पुरेशी गोल हवी आणि उंची मधली.

तिसरी गोष्ट राळ. बासची राळ व्हायोलिनच्या राळेपेक्षा मऊ आणि चिकट असते, आणि व्हायोलिनची कडक राळ जाड तारेला धरत नाही. त्या मऊपणामुळे मुंबईच्या उन्हाळ्यात ती डबीतून ओघळते, म्हणून डबी उभी आणि सावलीत ठेवावी.

या समजाचे एक स्थानिक भावंडही आहे: ‘मुंबईच्या दमट हवेत तात चालत नाही, पोलादच बसवा.’ तात ओलावा शोषते, फुगते, तिचा स्वर हलतो, हे खरे. पण सारंगीच्या मुख्य तारा तातीच्याच असतात, आणि पंडित राम नारायण १९४९ मध्ये मुंबईत आले ते याच हवेत सारंगी वाजवत राहिले. आधी चित्रपटांच्या स्टुडिओंत, मग जगभरच्या मैफलींत. तातीला वारंवार जुळवून घ्यावे लागते एवढेच. पावसाळ्यात खरे हलते ते लाकूड. जुलैमध्ये उपनगरांतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, बासची वरची पाटी फुगून किंचित उचलली जाते, तिच्यासोबत घोडी आणि घोडीसोबत तारा. ‘पावसाळ्यात तारा कडक होतात’ असे जे म्हटले जाते ते हेच. तारा कडक होत नाहीत, फिंगरबोर्डापासून लांब जातात. घोडीच्या पायांत उंची बदलणारी चाके बसवली की जुलै आणि जानेवारी दोन्ही सांभाळता येतात. दमट रस्त्यावरून थेट वातानुकूलित स्टुडिओत गेल्यावर मात्र कोणत्याही तारेचे वाद्य पुन्हा जुळवावेच लागते.

तारांविषयीचे समज आणखीही आहेत. ‘जाड, जड तार म्हणजे मोठा आवाज’ हे दुकानाच्या काउंटरवर हमखास ऐकू येणारे वाक्य. लांबी आणि स्वर ठरलेले असले की ताण फक्त दर मीटरच्या वजनावर ठरतो. १०५ सेंटीमीटर लांबीवर मीटरमागे ३७ ग्रॅमची ई तार साधारण २८ किलोंचा ताण मागते. तिच्याइतकाच ताण जी तारेला मीटरमागे साडेसहा ग्रॅममध्ये मिळतो. चारही मिळून ११० किलोंच्या आसपास, म्हणजे दीड माणूस सतत ओढ घेऊन लटकलेला. याहून जड संच काही बासना मानवतो, काहींची पाटी दाबून आवाज गुदमरवतो. जाडीवरून तर काहीच कळत नाही: तातीची जी तार पोलादी जीपेक्षा जवळपास दुप्पट जाड असूनही ताणाला तिच्याएवढीच असू शकते.

‘सोलो’ लिहिलेला संच एकल वादनासाठी उत्तम असतो, असे नव्हे. तो एक स्वर वर, म्हणजे एफ शार्प, बी, ई, ए असा जुळवण्यासाठी बनलेला असतो. नेहमीच्या स्वरात उतरवला तर ताण कमी पडतो. काहीजण मऊ स्पर्शासाठी मुद्दाम तसे करतात, पण ते जाणून.

तीन-चतुर्थांश आकाराचा बास मुलांचा नसतो, तोच प्रौढांचा नेहमीचा आकार आहे, आणि तारांच्या वेष्टनावरचे ३/४ याच अर्थाने वाचावे.

तातीला इंग्रजीत ‘कॅटगट’ म्हणतात, पण त्यात मांजर नाही; तात बहुधा मेंढीच्या आतड्याची.

चारही तारा एकाच कंपनीच्या असाव्यात असा नियम नाही. वरच्या दोन तातीच्या आणि खालच्या दोन पोलादी ही जोडी जुनी आणि प्रतिष्ठित आहे. मात्र चुंबकीय पिकअप लावणार असेल त्याला नुसत्या तातीचा उपयोग नाही, तिथे पोलाद लागते.

बास गिटारच्या तारा डबल बासला बसत नाहीत. गिटारची वाजती लांबी ३४ इंच, डबल बासची ४१ ते ४२; तार खुंटीपर्यंत पोहोचतच नाही, आणि पोहोचली असती तरी गोल वेढ्यांच्या खडबडीवर गजाचे केस फाटले असते.

बासच्या तारा वर्षानुवर्षे तुटत नाहीत, म्हणून त्या अमर असतात असे नाही. वेढ्यांत राळ आणि घाम साठत जातो, स्वर मंदावतो, वरचे हार्मोनिक बेसूर होऊ लागतात. नुसते छेडणाऱ्याला ते उशिरा जाणवते किंवा आवडतेही. गज ते पहिल्याच ओढीत सांगतो, म्हणून दोन्ही प्रकारे वाजवणाऱ्याने तारा बदलण्याची वेळ गजाला विचारून ठरवावी.